जहाज आलं नाही

माझे वडील बंदरावर नोकरीला होते, असं मी सांगितलं की लोक विचारतात, "मुंबईला का?" मी म्हणते, "नाही हो, आपल्या सोलापूर जिल्ह्यात." मग समोरचा हातातला कप खाली ठेवतो आणि माझ्याकडे काळजीनं बघतो. बघू दे. खरं आहे ते.

फार पूर्वी एका रेल्वे कंपनीनं भीमेवर पूल बांधला. खांबांचा दगड गाडीनं काठापर्यंत यायचा आणि तिथून तराफ्यावर चढवून नदीत न्यायचा. त्यासाठी काठावर दगडी जेटी बांधली. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. पूल झाल्यावर मात्र कुणा साहेबाच्या डोक्यात आलं, की जेटी आहेच, तर वरच्या गावांचा कापूस जहाजानं आणू आणि इथं गाडीत भरू. झालं! जेटी लांबवली, दोर बांधायला लोखंडी खुंट रोवले, रूळ टोकापर्यंत नेले आणि एक पहारेकरी नेमला. नदीत आठ महिने गुडघाभर पाणी असतं, हे साहेबाला सांगणार कोण? पावसाळ्यात पाणी यायचं, पण तेव्हा नदी अशी सुटायची की जहाज थेट कर्नाटकातच थांबलं असतं.

जहाज काही आलं नाही. कंपनी गेली, साहेब गेले, पहारेकऱ्याची जागा तेवढी सरकारच्या पदरात राहिली. त्या जागेवरचा शेवटचा माणूस म्हणजे आमचे आप्पा. रोज सकाळी जेटीवर जायचं, पाण्याची खूण बघायची आणि रजिस्टरात लिहायचं, 'आलेली जहाजे – नाही.' पस्तीस वर्षं हेच! आजारी असले तरी जायचे. आई वैतागून म्हणायची, "आज न्हाय गेलात तर काय जहाज परत जाणार हाय व्हय?"

मधेच उजनी धरण भरलं. पाणी आलं ते असं आलं, की जेटी त्याच्याखाली गेली. उन्हाळ्यात ती वर यायची, तेव्हा पाणी पार लांब सरकलेलं असायचं. म्हणजे पाणी असेल तेव्हा जेटी नाही, जेटी असेल तेव्हा पाणी नाही. आप्पांनी मात्र नोंद चुकवली नाही.

आणि खंडेनवमी! त्या दिवशी ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूची पूजा व्हायची, हातोडीपासून टाइपरायटरपर्यंत. जेटीची पण झालीच पाहिजे. तेव्हा नेमकं धरण काठोकाठ असायचं. आप्पा होडीतून अंदाजानं जेटीच्या वर जायचे, झेंडूची माळ पाण्यावर सोडायचे आणि होडीच्या कडेवर नारळ फोडायचे. एकदा नवे साहेब तपासणीला आले.

"जेटी कुठंय?"

"खाली हाय, साहेब."

"दिसत नाही."

"उन्हाळ्यात या की. दिसंल."

साहेबांनी पाण्याकडे बघत आपल्या तपासणीच्या कागदावर 'सुस्थितीत' असं लिहिलं आणि जेवायला गेले.

आज हसू येतं, पण तेव्हा मला लाज वाटायची. कॉलेजात मैत्रिणींना मी सांगायची, वडील ऑफिसात हेडक्लार्क आहेत. शाळा सुटली की बाकीची पोरं बापाच्या दुकानात, शेतात जायची. मी त्या जेटीवर कधी पाऊलसुद्धा टाकलं नाही.

आप्पा रिटायर झाले, तशी ती जागाही रद्द झाली. शेवटचं रजिस्टर घ्यायला कुणी तयार होईना, तेव्हा ते घेऊनच आप्पा सोलापुरात आमच्याकडे राहायला आले. मागच्या उन्हाळ्यात जेवता जेवता मला म्हणाले, "पोरी, माझी नोकरी फुकटच गेली का गं?"

मग मी चंगच बांधला. तिथल्या एका मासेमाराला फोन लावला. पाणी उतरताना चार-पाच दिवस असे येतात, की जेटीचा माथा उघडा होतो आणि पाणी तिला टेकलेलं असतं. ते दिवस गाठून आम्ही गाडी काढली. यजमानांनी आप्पांना जेटीवर खुर्चीत बसवलं आणि वर छत्री धरली. मांडीवर रजिस्टर. मी पलीकडच्या काठावरून मासेमाराच्या होडीत बसले. जेटीला लागल्यावर त्यानं दोर खुंटाला बांधला. त्या खुंटाला पहिल्यांदाच दोर लागला असेल बहुतेक.

मी ओरडले, "आप्पा, आलं की! लिहा आता!"

आप्पांनी चष्मा पुसला. होडी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली.

"ह्याला जहाज म्हणत न्हाईत, पोरी. होडी हाय ही."

"अहो आप्पा! एवढ्या उन्हात, एवढा खटाटोप कुणासाठी केला मी?"

"सरकारी वही हाय. खोटं कसं लिवू?"

मासेमार म्हणाला, "बराबर हाय बाबांचं. होडीच हाय." त्याला तिथंच पाण्यात ढकलावंसं वाटलं मला!

आप्पा मान खाली घालून लिहीत होते. मी खुंटाला धरून वर चढले. हात चांगलाच भाजला. रागारागानंच रजिस्टर ओढून घेतलं.

'आलेली जहाजे – नाही.' तेच, नेहमीचं. पण शेजारी शेऱ्याचा रकाना होता, पस्तीस वर्षं कोरा सोडलेला. त्यात आप्पांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'लेक आली.'