सरकारी हद्दीपुरती भिंत

शालनबाईला आयुष्यात सरकारकडून एकच गोष्ट हवी होती. अंथुर्ण्याच्या अलीकडच्या एका वाडीत ओढ्याकाठी जुनं दफनस्थळ आहे. पलटणीत गेलेल्या पूर्वजांचे दगड तिथं उभे आहेत, काहींवर तलवार कोरलेली. अर्धी जागा सरकारी, अर्धी शालनबाईच्या सातबाऱ्यावर. तिच्या अर्ध्यात आठ वर्षांपूर्वी तिचा नवरा सोनबा याला पुरलं. त्याच्या शेजारची साडेतीन हात जागा बाईनं स्वतःसाठी राखली होती. दर रविवारी खराटा घेऊन जायची, सोनबाभोवतालचं गवत काढायची आणि आपल्या जागेवरचंही काढायची. बायका थट्टा करायच्या, "शालन, आत्तापास्नंच घर झाडतीस व्हय?" ती म्हणायची, "झाडल्यालं बरं. सून झाडील ह्याचा भरवसा न्हाय."

ओढा दर पावसाळ्यात काठ खात होता. जुने दगड वाचवायला सरकारनं भिंत मंजूर केली. ती सरकारी हद्दीपर्यंत आली आणि तिथंच थांबली. खाजगी जागेवर सरकारी निधी खर्च करता येत नाही, असा नियम. शालनबाई ग्रामसेवक युवराजला म्हणाली, "आरं बाबा, मेल्याली मानसं काय गट नंबर इचारून पुरली व्हती का?" ओढ्याला मात्र नियम कुणी वाचून दाखवला नव्हता. भिंतीला अडलेलं पाणी वळलं आणि सगळा राग त्यानं बाईच्या अर्ध्यावर काढला. एका पावसाळ्यात तलवारीचे दोन दगड गेले. काठ सोनबापासून चार पावलांवर आला.

मग युवराजनंच वाट दाखवली: बक्षीसपत्र. जागा पंचायतीच्या नावावर करा, भिंत पुढं सरकेल. बक्षीस हा शब्द बाईला जत्रेतल्या कुस्त्यांमुळं ठाऊक. "बक्षीस जिकणाऱ्याला देत्यात," ती म्हणाली. "सरकारनं काय जिकलंय?" मुलगा सुमित म्हणाला, एकदा वकिलाला दाखवू. पण काठाला वकिलाची वाट बघायला वेळ नव्हता. शिवाय गावात कुणी विहाराला जागा दिली, तर त्या घरचा मान पिढ्यान्‌पिढ्या राहतो. इथंही राहील, आपली साडेतीन हात जागा आपलीच राहील, असं बाई धरून चालली. कागदावर त्याचं एक अक्षर नव्हतं. इंदापूरला जाऊन तिनं झोकात सही केली.

भिंत आली. खोटं कशाला सांगू, चांगली आली. सोनबा वाचला. पण भिंतीबरोबर लोखंडी फाटक आलं आणि पाटी आली: 'ऐतिहासिक दफनस्थळ. येथे नवीन दफन करण्यास सक्त मनाई आहे.' बाईनं ती दोनदा वाचली आणि तडक पंचायतीत गेली.

"काकू, निधी ऐतिहासिक म्हणून आलाय," युवराज म्हणाला. "आता नवं कुनाला पुरता येत न्हाय."

"आन माजी जागा?"

"ती तुमी दिलीत की."

चीड येते ती याचीच, की तो खोटं बोलत नव्हता.

सुमित संध्याकाळी अर्ज लिहायला बसला. खास बाब म्हणून परवानगी मिळावी, वगैरे. बाईनं त्याच्या हातातला कागद काढून घेतला.

"नगं. दिल्यालं परत मागायचं न्हाय. मला जाळा."

तिनं कागदाची घडी घातली.

"माजं काय न्हाय रं," ती म्हणाली. "पर तुज्या बापाला एकट्याला झोप लागत न्हाय."