ओल्या फडक्याखालची आई

किसन गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या शाळेत पोरांना फळ्यावर घागर काढून दाखवत होतो. पलीकडून गयाआक्का, त्याची थोरली बहीण. "किसन गेला बाबा," एवढंच म्हणाली. खडू हातात तसाच राहिला... पोरं बिचारी अर्ध्या घागरीकडे बघत बसली.

आम्ही दोघांनी लातूरला एका खोलीत राहून चित्रकलेचं शिक्षण घेतलं. मी कागदाला चिकटलो, तो मातीला. पुढे तो चाकूरच्या शाळेत कलाशिक्षक झाला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मूर्ती घडवू लागला. आसपासच्या कितीतरी विहारांत त्याचे बुद्ध बसलेत. स्वभाव मात्र महाखडूस! माझं चित्र बघून म्हणायचा, "छान हाय, पण ह्याच्या पाठीमागं जाता येत न्हाई." असा राग यायचा! पोरांवर मात्र कधी ओरडला नाही. त्यांना डोळे मिटायला लावून आपापल्या आईचा चेहरा मातीत करायला सांगायचा. एकदा एका पोरीनं उलट विचारलं, "सर, तुमची आई कशी होती?" मजुरी करणारी त्याची आई तो लहान असतानाच गेलेली, आणि तिचा एकही फोटो नव्हता.

माझ्याआधी दोन वर्षं तो निवृत्त झाला आणि त्यानं आईचाच चेहरा मातीत करायला घेतला. जळकोटहून आक्काला बोलावून समोर बसवायचा. "नाक असं होतं का गं?" "न्हाई, जरा बसकं." असं कितीतरी महिने चाललं. एक दिवस आक्का पदर तोंडाला लावून रडली, तेव्हा त्यानं ओळखलं, जमलं. कान आणि केस तेवढे राहिले होते. दवाखान्यात जाताना तिला बजावून गेला, "माती वाळू देऊ नको, तडकंल." किती पाणी, ते सांगायचं राहून गेलं...

परवा मी चाकूरला गेलो. आक्काचा मुक्काम शेडमध्येच. सकाळ-संध्याकाळ मूर्तीवरच्या फडक्यावर तांब्याभर पाणी ओतते. किसन नुसतं शिंपडायचा. मी फडकं उचललं. गाल ओघळलेले, पापण्या खाली आलेल्या, हनुवटी गळ्यात उतरलेली. म्हटलं, "आक्का, पाणी कमी कर गं. नाहीतर त्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला बोलावतो, प्लास्टरचा साचा घेऊ, म्हणजे चेहरा कायमचा राहील."

"मग ही माती?"

"ती साच्यातून उकरून काढावी लागते."

"आईला उकरायचं?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी हातच टेकले. किसनच्या मातीला गेलो होतो, तेव्हाही मला इतकं हतबल वाटलं नव्हतं.

मग तिनं त्या ओघळलेल्या गालावरून बोट फिरवलं. "आमची आई म्हातारी व्हायच्या आधीच गेली रे... आता बघ, कशी म्हातारी होऊन राहिली. किसन असता तर लई खूश झाला असता."

तिनं तांब्या उचलला. मी फडकं पुन्हा नीट पसरून दिलं, आणि ती पाणी ओतू लागली.