जानव्याची किल्ली आणि माझा पासवर्ड

आमच्याकडे होकाराला ‘हाव’ म्हणतात. पुण्याला एम.एस्सी. करत होते तेव्हा मी ‘हाव’ म्हटलं की खोलीतल्या मुली विचारायच्या, एवढी कसली हाव सुटली तुला? मी चिडायचे, पण शब्द काही सोडला नाही. तोंडात बसलेला शब्द हातातही उतरतो, हे मात्र लग्न होऊन धामणगाव बढेला आल्यावर कळलं. कॉम्प्युटरनं काहीही विचारलं की माझा हात आपोआप होकाराचं बटण दाबतो. पासवर्ड सेव्ह करू का? हाव. पुढच्या वेळी मीच भरून देऊ का? हाव, हाव.

आमचा कॉम्प्युटर बैठकीत असतो. घेतला माझ्या नवऱ्यानं, पण खुर्ची सगळ्या गल्लीची. सासरे भिक्षुकी करतात आणि लोकांच्या पत्रिका त्याच्यावरच काढतात. पत्रिकेसाठी आलेला माणूस ‘जरा पोराचा रिझल्ट पाहून घेतो’ म्हणून खुर्चीत बसला, तर त्याला उठवायची पद्धत नाही. उलट चहा द्यायची आहे. कॉम्प्युटरला स्वतःचा पासवर्ड नव्हताच. पंख्यासारखं बटण दाबायचं, की चालू.

त्या वर्षी जिल्ह्यात शाळा चालवणाऱ्या एका संस्थेनं मुलाखतीत मला निवडलं. कोणती शाळा हवी, त्याचा पसंतीक्रम त्यांच्या संकेतस्थळावर द्यायचा होता. मी पहिलं दुसरबीड टाकलं. लांब आहे, पण तिथं अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायला मिळणार होती. पिंपळगाव राजा जवळचं, घरून जाणं-येणं जमलं असतं, पण तिथं लहान वर्गांना मिळेल तो विषय घ्यावा लागला असता. एवढी वर्षं घासून शिकलेला विषय मी सोडणार नव्हते. आठवडाभर तिकडे राहायचं आणि शनिवारी घरी यायचं, असं नवऱ्याशी बोलून ठरलं होतं. सासऱ्यांना ते पटलेलं नव्हतं. सून घरात असावी, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते प्रेमानंच होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी प्रिंट काढावी म्हणून मी ते पान उघडलं. पहिल्या नंबरवर पिंपळगाव राजा. दुसरबीड पार तळाला.

आधी वाटलं, माझीच चूक झाली असेल. पण मी ते किती वेळा वाचून पाहिलं होतं, ते माझं मला माहीत. सासरे तिथंच बसून पंचांग पाहत होते.

“बाबा, माझी यादी तुम्ही उघडली होती का?”

“हाव,” ते म्हणाले. चेहऱ्यावर काहीही नाही. “तुह्या नावावर बोट ठेवलं, त पासवर्ड त्यानंच भरला. मंग इचारलं, बदल जतन करू काय? मी हाव म्हणलं. पिंपळगाव जवळ हाये न व. चांगल्यासाठीच केलं.”

मला भयंकर राग आला. चोरून केलं असतं तर भांडता तरी आलं असतं. हे त्यांनी पोळीवर तूप वाढावं तसं केलं होतं, न विचारता. संध्याकाळपर्यंत यादी बदलता येत होती, म्हणून बरं. मी त्यांच्यासमोर बसले, दुसरबीड पुन्हा वर घेतलं आणि जतन केलं. ते पाहत राहिले.

मग मी पदर खोचला आणि कामाला लागले. आधी संस्थेच्या पानाचा पासवर्ड बदलला आणि ‘सेव्ह करू का’ या प्रश्नाला नाही म्हटलं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गेले, तर माझे सगळे पासवर्ड तिथं ठिपक्यांच्या आड मांडून ठेवलेले. मेलचा, लाइट बिलाचा, कशाकशाचा. शेजारी एक डोळा. डोळा दाबला की ठिपक्यांची अक्षरं होतात. खरं तर दाखवण्याआधी ब्राउझर कॉम्प्युटरचा पासवर्ड मागतो. आमच्या कॉम्प्युटरला तो नव्हता, म्हणून कोणालाही डोळा उघडा. आणि पान उघडायला तर डोळ्याचीही गरज नव्हती, कारण रकाना आपसूक भरत होता. मी एकेक करून सगळे पुसले, महत्त्वाचे बदलले. कॉम्प्युटरवर दोन खाती केली. एक घराचं, उघडं. एक माझं, पासवर्डचं. आणि खुर्चीतून उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबून माझा पडदा बंद करायची सवय हाताला लावली. लावली म्हणजे हट्टानं लावली. पाणी प्यायला उठले तरी.

घरात ते कोणालाच आवडलं नाही. नवरासुद्धा म्हणाला, “एवढं काऊन करून राह्यली? घरचेच त हायेत सगळे.”

“घरच्यांनीच उघडलं होतं,” मी म्हटलं.

सासरे दोन-तीन दिवस धुमसत होते. मग एकदा जेवताना म्हणाले, “घरात कुलूप? इथं चोर कोण हाये?”

“चोर कोणीच नाही बाबा. तुमच्या कपाटाची किल्ली जानव्याले काऊन बांधली हाये?”

त्यांचा हात छातीकडे गेला. ती किल्ली आंघोळीतही सुटत नाही, सासूबाईंनाही मिळत नाही.

“त्यात देवाची भांडी हायेत.”

“यात माझी नोकरी हाये.”

मी पुढचा घास घेतला. माघार घ्यायची नव्हती.

दुसरबीडची ऑर्डर आली. मी तिथं खोली घेतली, शनिवारची वाट पाहायला शिकले. अशाच एका शनिवारी घरी आले, तर सासरे कॉम्प्युटरसमोर बसून होते, पण तो बंद. पत्रिकेसाठी आलेल्या कोणा माणसानं, आपली पाळी येईपर्यंत, दुसऱ्याच्या मुलीची पत्रिका उघडून वाचली होती. तिला मंगळ आहे हे गावभर झालं, आणि तिचं जुळत आलेलं लग्न थांबलं. मुलीचा बाप दारात येऊन नुसता उभा राहिला, म्हणे. सासऱ्यांना ते फार लागलं होतं.

“मलेबी कुलूप लावून दे,” ते म्हणाले. “लोकाईच्या पोरी हायेत यात.”

मी त्यांचं वेगळं खातं केलं, पत्रिका त्यात हलवल्या, आणि पासवर्डचा रकाना उघडून खुर्ची त्यांना दिली. त्यांनी बोट उचललं आणि थांबले. खांद्यावरचं उपरणं काढून कीबोर्डच्या कडेनं धरलं.

“तिकडे तोंड कर व सूनबाई.”

मी भिंतीकडे वळले. मागे एकेक कळ टकटक करत होती, सावकाश. मग ती मध्येच थांबली.

“मी तुही यादी उघडली, तवा मलेबी तिकडे तोंड कराले पायजे होतं,” ते म्हणाले.

“हाव बाबा,” मी म्हटलं. त्यांचं टाइप करून होईपर्यंत मी मागे वळले नाही.