मुलीचा मामा

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. सांगायला घेतलं की ऐकणारे हसतात, आणि ते हसले की मला पुढचं सांगवत नाही. तुम्हीही हसून घ्या. आज मात्र मी पुढचंही सांगणार आहे.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या वर्कशॉपात झिजलेली इंजिनं नव्यानं बांधून मिळत. तिथे बोअरिंग मशीनवर एक गृहस्थ होते. आलेल्या इंजिनाच्या सिलिंडरात तर्जनी घालायची, डोळे मिटायचे, बोट गोल फिरवायचं आणि जाहीर करायचं, "पोरगी खंगलीय." मग तो सिलिंडर आतून कातायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि त्यात मोठ्या मापाचा नवा पिस्टन घालायचा. सिलिंडर म्हणजे मुलगी, पिस्टन म्हणजे नवरदेव, आणि हे मुलीचे मामा. सगळं वर्कशॉप त्यांना मामाच म्हणायचं. ते आम्हा सगळ्यांना भाचा म्हणत, मालकांनासुद्धा. पण मालकांना पाठीमागे.

एकाच खोक्यातून आलेल्या पिस्टनांतही केसाएवढा फरक असतो. म्हणून मामा प्रत्येक सिलिंडर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापानं घासत. पिस्टन तेल लावून आत सोडला आणि तो आपल्या वजनानं सावकाश उतरला, की म्हणत, "पत्रिका जुळली." मग त्याच्या डोक्यावर खडूनं त्या सिलिंडरचा नंबर.

इंजिन बांधायच्या दिवशी तर लग्नच असे. मी पिस्टनच्या खाचांत पोलादी रिंगा चढवून द्यायचो. एकेक पिस्टन आत जाताना मामा भसाड्या आवाजात "सावधान" म्हणत आणि आम्ही पुसायच्या कापसाच्या अक्षता टाकत असू. त्याही मामांच्याच डोक्यावर. इंजिनाकडे एखादा धागा उडाला, तर ते सबंध वऱ्हाडाचा उद्धार करत.

माणूस मोठा खोडकर. एकदा मी डबा उघडला, तर चपात्यांच्या जागी नीट चार घड्या घातलेल्या तेलकट चिंध्या. समोर मामा तोंड हलवत बसलेले.

"चपात्या आज वातड आहेत का रे, भाच्या?"

"मामा, माझं जेवण कुठाय?"

"मुलीकडच्यांनी जेवू नये असं कुठं लिहिलंय?"

आणि बढाई तर विचारू नका. "डोळे बांध माझे. कुठला नवरा कुठल्या घरचा, बोटानं सांगतो." हे रोजचं.

डब्याचा सूड मी या बढाईवर उगवायचं ठरवलं. कल्याणच्या मार्केटात भाजी वाहणाऱ्या एका टेम्पोचं इंजिन आलेलं. मी दोन पिस्टनचे खडूचे नंबर पुसले आणि अदलाबदल करून लिहिले. रिंगा चढल्यावर पिस्टन तसाही अडतच आत जातो. मग नवरा कुणाचा हे कुठल्याच बोटाला कळत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. बेत एवढाच की अक्षता पडल्या की सगळ्यांसमोर सांगायचं आणि मामांचं तोंड बघायचं.

मामांनी नेहमीसारखं पिस्टनवरून बोट फिरवलं. "हाच तो. घरंदाज आहे," म्हणाले. मी हसू दाबलं. अक्षता पडल्या. मी तोंड उघडणार, इतक्यात टेम्पोवाला पेढ्यांचा पुडा घेऊन आत आला, मागे मालक. मामा त्याला सांगत होते, "निश्चिंत जा. माझी मुलगी परत माहेरी आलेली कुणी बघितली नाही." एवढं ऐकल्यावर माझी जीभ रेटेना. केसाचा तर फरक, जाईल चालून, असं मी मनाला सांगितलं आणि पेढा खाल्ला.

टेम्पो त्याच आठवड्यात दोरीनं ओढत परत आला. इंजिन उघडलं तर पिस्टन जाम, सिलिंडरला आतून खोल ओरखडे. मामांनी त्या ओरखड्यांत बोट घातलं. डोळे मात्र मिटले नाहीत.

"माझंच चुकलं," ते म्हणाले.

मालक रागावले असते तर मी बोललो असतो. मालक हळूच म्हणाले, "असू दे मामा. वय झालं." मामांनी मान डोलावली. मी तिथेच, हातात रिंगांचा डबा घेऊन उभा.

त्यानंतर ते सिलिंडर गेजनं मापायचे, पुन्हा पुन्हा मापायचे, आणि बोट खिशात ठेवायचे. लग्नं बंद झाली. माझा डबा रोज जसाच्या तसा भरलेला मिळू लागला, आणि तो मला जाईना. पुढे त्यांनी आपणहून काम सोडलं.

बऱ्याच वर्षांनी मी डोंबिवलीला त्यांच्या घरी गेलो, सांगायचंच असं ठरवून. मामींनी झाकणाच्या स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. मामांनी सवयीनं पेल्याच्या काठावरून बोट फिरवलं, मग झाकणाच्या.

"अगं, हा नवरा या घरचा नाही."

मामी आतून दुसरं झाकण घेऊन आल्या. ते अलगद बसलं.

"मामा, बोट शाबूत आहे तुमचं," मी म्हणालो.

"भांड्याचं काय घेऊन बसलास," ते हसले. "इंजिनात गेलं ते. त्या टेम्पोला विचार. बरं, पोहे खाणार ना? चिंध्या नाही घालत."

मी हसलो, पोहे खाल्ले आणि निघालो. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. त्या खेपेला भिंतीवर हार घातलेला फोटो होता, आणि मामींनी पाणी त्याच पेल्यात दिलं. झाकण बरोबर बसलेलं होतं.

मामा, तुमचं बोट चुकलं नव्हतं. नवरदेव मी बदलले होते.