रंभाबाईंना दिसलेला चेहरा

रंभाबाईंना कुठल्याही गोष्टीच्या आत डोकावल्याशिवाय करमत नसे. मंगळवेढ्याहून सोलापुरात लेकाकडे राहायला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला अडवून ती वर कशी जाते, ते त्यांनी विचारून घेतलं. मग संमोहन करणाऱ्या डॉक्टर सुकन्यांची पाटी दिसल्यावर त्या गप्प कशा बसणार? शिवाय कामही होतं. आई त्यांच्या लहानपणीच, ऐन पंचविशीत गेली. फोटो एकही नव्हता, आणि आता तिचा चेहराच आठवेना.

"लॉकेट कुटंय?" खुर्चीत बसताच त्यांनी विचारलं. जत्रेतल्या जादूगारानं लॉकेट हलवून एका गड्याला कोंबड्यागत आरवायला लावलेलं त्यांनी पाहिलं होतं.

डॉक्टर हसल्या. "लॉकेट नाही. तुम्ही झोपणार नाही, मनाविरुद्ध काही करणारही नाही. पण आजी, विसरलेलं जसंच्या तसं परत मिळत नाही. चेहरा दिसला, तरी तो मनानं रचलेला असू शकतो."

"रचतंय कसं, ते तरी बघू की!"

डोळे मिटून त्या डॉक्टरांचा संथ आवाज ऐकत राहिल्या. पंख्याची घरघरही ऐकू येतच होती. हळूहळू चुलीपुढं बसलेली एक बाई दिसली. तिनं मान वर केली. केस पांढरेशुभ्र, नाकावर चष्मा.

रंभाबाईंनी पटकन डोळे उघडले. "अगं बाई, चष्मा तर माझाच हाय की!"

"वाईट वाटलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "न्हाय. तिला म्हातारी झालेली कुणीच बघितली नव्हती. आज मी बघितली."