खालच्यानं बोलायचं

ह्यांचा एक जोडीदार आहे. लग्नाच्या आधीपासूनचा, आणि मी या घरात आले तेव्हापासून माझ्या डोळ्यांत खुपणारा. हे आणि तो काचा बसवतात: दुकानांच्या दर्शनी काचा, जिन्यातल्या खिडक्या, कपाटांचे आरसे. हा जोडीदार म्हणजे नुसती हाडं, पण डोक्यापेक्षा उंच काच धरून सरसर जिने चढतो, म्हणून त्याला सगळे काडीपैलवान म्हणतात. घरी आल्यावर ह्यांना विचारावं, "दिवस कसा गेला?" तर उत्तर, "गेला." त्याच्याशी मात्र काचेपलीकडून एक नजर टाकली की सगळं बोलून व्हायचं. माझ्या वाट्याला एक शब्द आणि त्याला शब्दांची गरजच नाही! जळायला मला एवढं पुरेसं होतं.

मग एका ओल्या जिन्यावर हे घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं म्हणे. पण नंतर वॉर्डात ह्यांना कुणी कुशीवर वळवेना. हाक मारली की वॉर्डबॉय "आलोच" म्हणायचे आणि गडप व्हायचे. आलेच तर दोघं मिळून "एक, दोन, तीन" म्हणत पोतं उलटावं तसे उलटायचे आणि हे किंचाळायचे. एका सकाळी मी चादर काढली तर ती ओलीचिंब, आणि कमरेखाली तळहाताएवढी जखम. माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे सही करून ह्यांना घरी आणलं.

ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सबाईंनी बजावलं, "दर दोन तासांनी कूस बदला. जखम आणखी खोल गेली तर परत दाखल करावं लागेल."

त्या गेल्यावर ह्यांनी माझं मनगट धरलं. "मला तिथं परत नको पाठवूस गं."

"नाही पाठवणार," मी म्हटलं. म्हणायला काय जातं! मी हात लावला की ह्यांचं अंग लाकूड व्हायचं. "एक, दोन" म्हणेपर्यंत ओरडायचे, "नको! हात नको लावूस!" सख्ख्या बायकोला!

आणि काडीपैलवान आला. हात धुतले, पुसले, पलंगाशी गुडघे टेकले, दोन्ही तळवे ह्यांच्या पाठीखाली सरकवले आणि गप्प बसला. थोड्या वेळानं हे म्हणाले, "घे." आणि वळले. हूं नाही की चूं नाही. वर दोघं एकमेकांकडे बघून हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली.

एकट्यानं काच उचलता येत नाही, म्हणून त्याचंही काम बंदच होतं. त्यानं सरळ आमच्या बाहेरच्या खोलीत चटई टाकली. "वहिनी, उशी." "वहिनी, टॉवेल." माझ्याच घरात मी हाताखालची! मी त्याच्या चहात मुद्दाम साखर कमी घालायची. तो मुकाट्यानं प्यायचा, त्याचाही मला राग यायचा.

एका दुपारी त्याला फोन आला. कुणाच्या तरी दुकानाची काच फुटली होती, दुकान उघडं पडलं होतं, आणि जोडीला एक माणूस मिळत होता.

"जाऊ का, वहिनी? जमेल ना तुम्हाला?"

"न जमायला काय झालं? नवरा माझा आहे."

दारात तो घुटमळला. "जिना उतरताना काचेचा भार खालच्यावर असतो. म्हणून 'घे' खालच्यानं म्हणायचं, वरच्यानं नाही."

"मला काच उतरवायची नाहीये, भावजी," मी म्हटलं आणि दार लावलं.

कूस बदलायची वेळ झाली. मी माझ्या पद्धतीनं मोजलं, हे ओरडले, पट्टीवर रक्ताचा ठिपका उमटला. फोन हातात घेतला, पण त्याला बोलावण्यापेक्षा मेले असते! फोन ठेवला, गुडघे टेकले, तळवे पाठीखाली घातले आणि तोंड मिटलं. मला तोंड मिटणं किती जड जातं ते आमच्या अख्ख्या नात्यात माहीत आहे.

हे माझ्याकडे बघत होते. "घाई नाही ना तुला?"

मी नुसती मान हलवली.

"घे."

भार आपसूक माझ्या हातांवर आला. हे कुशीवर झाले आणि मला रडू फुटलं. इतक्या वर्षांत माझ्यावर ह्यांनी असा भार कधी टाकला नव्हता.

संध्याकाळी काडीपैलवान परतला. हात धुवून, पुसून पलंगाशी बसला.

"राहू दे काड्या," हे म्हणाले. "आता ही घेते."

हे वाक्य ऐकायला माझा जीव किती आसुसला होता! तो उठला. "बरं झालं, वहिनी," म्हणाला. कोरडेच हात पुन्हा टॉवेलला पुसले आणि बाहेर जाऊन चटई गुंडाळायला लागला. ती चटई कधी एकदा उचलली जाते असं मला झालं होतं, पण आता ते बघवेना.

"भावजी," मी हाक मारली, "चादर बदलायला दोन माणसं लागतात. मला एकटीला जमत नाही."

त्यानं चटई पुन्हा पसरली.

चादर मी दुपारीच बदलली होती, एकटीनं. ह्यांना ते ठाऊक होतं. ह्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि हसले.