'प्ले' खोडला तेव्हा

चुकीचा शब्द खोडते आहे असं समजून मी एकदा बरोबर शब्द खोडला. तोही लाल पेनाने, सोळा ठिकाणी. वर लिहिणाऱ्यालाच घरी पाठवलं.

मानकोलीच्या आमच्या गोदामात गाड्यांचे ब्रेक जपानहून येत, सोबतची पुस्तिका जपानीत. सोमवारी गिऱ्हाईक कंपनीचे साहेब तपासणीला येणार होते. इंग्रजी पुस्तिका नसेल तर माल परत, असं शेठनी बजावलेलं. भाषांतर करणारा शोधणं माझ्याकडे, कारण मी बी.ए. इंग्लिश. केवढा तोरा होता या बाईला! फोन परकी भाषा वाचून दाखवत नसे, असे ते दिवस.

धामणकर नाक्यावर एक कोकणी चाचा सापडले. स्पेअर पार्टचं दुकान. त्याआधी बारा वर्षं जपानात गॅरेजमध्ये राबलेले. त्यांनी अर्धी पुस्तिका इंग्रजीत करून आणली. त्यात लिहिलेलं, ब्रेकच्या पेडलला पाच मिलिमीटर 'प्ले' ठेवा. मी फिसकन हसले.

"चाचा, पेडल काय खेळतं?"

"गाडीच्या कामात असंच बोलतात, ताई."

"गॅरेजमध्ये बोलत असतील. इंग्रजीत नाही."

मी लाल पेनाने एकेक 'प्ले' खोडत गेले आणि बाकीचं दुसऱ्याकडून करून घेते म्हणाले. चाचा कागद ठेवून निघून गेले.

मग माझी फोनाफोनी. डोंबिवलीला जपानी शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "मी कविता शिकवते हो. कॅलिपर म्हणजे काय?" ठाण्याच्या एका इंजिनियरला ब्रेक कळत होते, जपानी अक्षरं नाहीत. दोघांना शेजारी बसवावं म्हटलं, तर रविवारी दोघांकडेही लग्न. शनिवारी दुपारी मी उरलेली पानं घेऊन नुसती बसले होते. पान सरळ धरलंय की उलटं, तेही कळेना.

आमच्या फिटरने माझ्या लाल रेघा पाहिल्या आणि मला गोदामाच्या टेम्पोपाशी नेलं. ब्रेकचं पेडल अंगठ्याने हळूच दाबलं.

"मॅडम, बगा. सुरवातीला जरासा दाब फुकट जातो, ब्रेक लागत न्हाय. त्यालाच प्ले म्हनतात. आमी रोज म्हनतो की!"

तशीच रिक्षात बसून नाक्यावर गेले. दुकानात उभ्या उभ्या माफी मागितली, सगळे कागद पुढे केले, पाया पडायचंच काय ते बाकी होतं. चाचांनी चष्मा लावून एकेक लाल रेघ पाहिली. पानं नीट जुळवली आणि माझ्याच हातात परत दिली.

"नाय ताई. तुमचं इंग्लिश अच्छा हाय. तुमीच लिवा."